पर्यावरणपूरक सवयी : वर्षभरात घरात काय टिकलं, काय गळालं?

पानगळ (धागाकर्ता)

गेल्या पाडव्याला मी फ्रीजवर एक कागद चिकटवला. वर मोठ्या अक्षरात 'यंदापासून', आणि खाली ११ गोष्टी. ओल्या कचऱ्याचं घरी खत, कापडी पिशव्या, बांबूचा ब्रश, भांड्यांना रिठ्याचं पाणी, सफाईसाठी मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी लादीला, असं बरंच काही. बायकोने चहा गाळता गाळता तो वाचला आणि एवढंच विचारलं, "यातल्या माझ्या वाट्याला किती?"

मी मोजल्या. आठ. माझ्या वाट्याच्या तीनांत एक 'जनजागृती' होती.

यंदाच्या पाडव्याला कागद काढला. चार टिकल्यात, सात गळाल्या. गळालेल्या जास्त मजेशीर आहेत म्हणून आधी त्या.

रिठे. रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. कपबशा, ताटं झकास निघतात. तिसऱ्या आठवड्यात भांड्यांच्या मावशी म्हणाल्या, "दादा, कढईचा ओशटपणा जाईना. तीन-तीनदा विसळायला लागतंय." म्हणजे मी साबण वाचवत होतो आणि पाणी घालवत होतो, तेही मावशींच्या कंबरेच्या जिवावर. बंद.

बांबूचा ब्रश. पावसाळ्यात बेसिनपाशी दांड्याला काळी बुरशी आली. बंद.

बायोएन्झाइम. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. पहिला महिना रोज झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो. आम्ही चार दिवस दिवेआगरला गेलो. परत आलो तर बाटली फुटलेली आणि मोसंबीची एक साल एक्झॉस्ट फॅनला लटकलेली. आई पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा दाखवत होती. बाकीच्या चार गळाल्या त्या निव्वळ आळसाने, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता टिकलेल्या. कापडी पिशव्या आमच्याकडे कायमच होत्या, दारामागच्या खिळ्याला. मंडईत पोचलं की आठवायच्या. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा दोन महिने शिस्त होती. मग भाजीवाले हातगाडीच्या खालून काढून द्यायला लागले आणि आम्ही घ्यायला लागलो. या वेळी एवढंच केलं : दोन पिशव्या स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या सॅकमध्ये. भाजी काढली की पिशवी खिळ्याला नाही, गाडीच्या किल्लीखाली ठेवायची. लक्षात ठेवायचं कामच उरलं नाही.

कुकर. आत पूर्ण दाब आला की तापमान साधारण १२० अंश असतं. त्यानंतर मोठ्या आचेवर अन्न काही लवकर शिजत नाही, नुसती जास्तीची वाफ बाहेर जाते. तीच शिट्टी. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवायची आणि पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक. सिलिंडर पूर्वी ४० दिवस जायचा, आता ४६-४७ जातो.

दुधाच्या पिशव्या. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा; तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी धुवून ओट्यामागच्या टाइल्सला चिकटवायची, वाळली की आपणहून पडते. धुतलेली पिशवी भंगारवाला किलोवर घेतो, आंबलेलीला हात लावत नाही.

आणि खत. यामागे वेगळं कारण आहे. माझं आजोळ फुरसुंगीचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर पडला. मामाच्या विहिरीचं पाणी लहानपणी आम्ही ओंजळीने प्यायचो. आता मामा ते जनावरांनाही दाखवत नाही. पुण्यात राहून "कचरा गेला" असं म्हणताना मला कायम तो मामाकडे गेलेला दिसतो. आमच्या पाच माणसांचा ओला कचरा रोज पाऊण किलोच्या आसपास भरतो (किचनच्या काट्यावर महिनाभर मोजला, आईने तो काटा नंतर तीनदा घासला). आता त्यातलं काहीच खाली जात नाही.

तुमच्याकडे काय टिकलं? गळालेल्याही सांगा. वसुंधरा वाचवा छापाचे फॉरवर्ड कृपया नकोत.

---

चिंचगुळ

एक्झॉस्ट फॅनला साल, अशक्य हसले! वाखूसा (वाचनखूण साठवली).

मला खताबद्दल विचारायचंय. मी मातीची भोकं पाडलेली कुंडी आणली, उत्साहात सुरू केलं. पंधरा दिवसांत वास, चिलटं आणि शेवटी या एवढाल्या करड्या अळ्या. नवऱ्याने कुंडी उचलून पार्किंगमध्ये ठेवली ती अजून तिथेच आहे. वॉचमनने त्यात छत्री उभी केली आहे.

पानगळ

@चिंचगुळ, वास येतो म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. स्वयंपाकघरातला कचरा मुळात ओला, त्यात कलिंगड-पपईचे दिवस असले तर बघायलाच नको. जितका ओला कचरा तितकाच, खरं तर त्याच्या दीडपट-दुप्पट आकारमानाचा सुका पालापाचोळा घालायचा. पाचोळा नसेल तर कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा. दोन दिवसांनी काठीने वर-खाली करायचं. मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतकं ओलं लागलं पाहिजे, थेंब पडता कामा नये.

चिलटांसाठी वर पाचोळ्याचा जाड थर आणि मूठभर कडुनिंबाची पेंड. त्या करड्या लठ्ठ अळ्या दिसायला भयंकर असतात, पण त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या. चावत नाहीत आणि कचरा आपल्यापेक्षा वेगाने संपवतात. पांढरी बुरशी दिसली तरी घाबरू नका. दही-दूध, तेलकट उष्टं आणि मटणाची हाडं मात्र कुंडीत नको.

हिशेबी

धागा छान आहे, पण क्रम उलटा आहे असं माझं मत. दिवे घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

छताचा जुना पंखा ७५ वॅट खातो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा त्याच वेगाला ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरा : एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. चार पंखे असतील तर गुणाकार तुम्हीच करा. शिवाय १०० युनिटांच्या वर गेलं की महावितरणचा दर चढतो, म्हणजे वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या महाग दरातलं असतं. एकदा बदलले की संपलं. तुमच्याच न्यायाने, लक्षात ठेवायचं काम नाही. एसी असेल तर २४ अंशांवर ठेवा, त्यावर पंखा लावा.

कापडी पिशव्यांचं म्हणाल तर डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली याचा हिशेब मांडला होता. नुसत्या हवामानाचा विचार केला तरी नव्या सुती पिशवीची भरपाई व्हायला ती ५० हून जास्त वेळा वापरावी लागते. पाणी, खतं वगैरे सगळे निकष लावले तर हजारो वेळा. माझ्या कपाटात लग्न-मुंजीत मिळालेल्या 'पर्यावरणस्नेही' पिशव्या २३ आहेत. कोणता स्नेह?

गोधडी

@हिशेबी, तो हिशेब नव्या कापसाचा. जुन्या चादरीची किंवा परकराची पिशवी शिवली तर त्यातला कापूस वीस वर्षांपूर्वीच पिकलेला असतो. नवी पिशवी विकत घेणं हीच गंमत आहे. 'कमी वापरा' म्हणून सुरुवात होते आणि आठ दिवसांत खरेदीची यादी तयार : स्टीलचे स्ट्रॉ, बांबूचा कंगवा, काचेच्या एकसारख्या बरण्या. पिठाचे, साखरेचे जुने डबे फेकून काचेच्या बरण्या आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे टिकलेली सवय म्हणजे फाटलेल्या सुती साडीचे तुकडे. चांगला भाग गोधडीला, काठ पिशवीच्या बंदाला, उरलेलं फडक्याला. पेपर नॅपकिन घरात येत नाही. आणि बोहारणीला विसरलात की काय सगळे! जरीच्या साड्या, जुन्या पॅंट घेऊन पातेलं देणारी बाई. तासभर घासाघीस चालायची. तिच्याकडून ते कपडे जुन्या बाजारात जायचे, तिथून दुरुस्त होऊन कोणाच्या तरी अंगावर. पुढे काय होतं हे तिला ठाऊक असायचं. आता आपण पिशवी भरून 'दान' करतो आणि पुढचं कोणालाच ठाऊक नसतं.

टवाळ

कारखाने धूर सोडणार आणि मी दात बांबूने घासणार. चालू द्या.

सुईदोरा

टवाळ नेहमीप्रमाणे एका ओळीत येऊन गेले.

पानगळ, तुमच्या बायकोचा प्रश्न मला फार आवडला, त्यामुळे तोच पुढे नेते. दुधाच्या पिशव्या कोण धुतं? तुम्ही 'धुवून चिकटवायची' असं लिहिलंय. कर्ता गायब आहे. मराठी व्याकरणाची ही फार सोयीची जागा आहे.

हे कोणाला टोमणा म्हणून नाही (बरं, थोडा आहे). माझ्या घरी मी कापडी सॅनिटरी पॅड, धुण्याचे हातरुमाल, घरचं दही, घरचा मसाला सगळं केलं. दोन वर्षांनी पाठ धरली. तेव्हा लक्षात आलं, यातली एकही गोष्ट माझ्याशिवाय घरातल्या कोणालाही करता येत नव्हती. मी बहिणीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे महिनाभर गेले तर घर सरळ कागदी डिशवर. आता आम्ही उलटं केलंय : जी सवय घरातली दोन माणसं करू शकत नाहीत ती सुरूच करायची नाही. मुलगा सुका कचरा बघतो. पॅडबद्दल म्हणाल तर मी आता मेन्स्ट्रुअल कप वापरते. मुलीला नको होता, तिच्यावर लादला नाही. ती वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढते. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताईंसाठी ही खूण आहे. हातमोजे असोत-नसोत, पुडी उघडायच्या आत त्यांना कळतं. या अख्ख्या धाग्यातली सगळ्यात सोपी सवय हीच असेल. एक स्केचपेन लागतं.

पानगळ

@सुईदोरा, पकडलंत. पिशव्या आई धुते. टाइल्सवरून पडल्या की गोळा मी करतो.

खत मात्र पूर्ण माझं. बायकोची अटच होती : "कुंडी तुझी. गावाला गेलास तर तिचं काय करायचं तेही तुझं तू बघ." गावाला जाताना पाचोळ्याचा जाड थर टाकून जातो, आठ दिवस काही होत नाही.

मांजराकाठ

मी लातूरची. आमच्याकडं 'सवयी' वगैरे शब्द नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या आधीचे महिने कोणी पाहिले नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, ते भांड्याच्या पहिल्या हाताला, ते संडासात. आंघोळ परातीत बसून, खालचं पाणी परत बादलीत. माझी दहावी त्या वर्षी होती आणि मला अभ्यासापेक्षा टॅंकरचा भोंगा जास्त आठवतो.

मग पाऊस झाला. दीड-दोन वर्षांत आमच्या गल्लीत पुन्हा नळीनं गाड्या धुवायला लागले. तीच माणसं. त्यामुळं टंचाईनं सवय लागते यावर माझा विश्वास नाही. आईची एक गोष्ट तेवढी राहिली : पाहुण्याला पेला अर्धाच भरून देते. लागलं तर परत देते, पण पहिला अर्धाच. पुण्याचे पाहुणे रागावतात. एका काकूंनी तर तोंडावर विचारलं, "आमच्यापुरतं पाणी नाही का?" आई म्हणाली, "आहे की. म्हणून तर टाकायचं नाही."

हिशेबी

@मांजराकाठ, __/\__

पाण्यावरून आठवलं. पुण्यात ज्यांना खडकवासल्याचं पाणी येतं त्यांनी आरओ कशासाठी बसवलाय हे मला खरंच कळत नाही. माझ्या नळाचं पाणी मोजलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९० आला. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ बंद करा असं सांगितलं होतं, ते उगाच नाही. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देतो. पानगळ, तुमच्या यादीत 'आरओचं वाया जाणारं पाणी लादीला' आहे. मुळात आरओच का? धरणाच्या पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर पुरतो. बोअर किंवा टॅंकरचं असेल तर गोष्ट वेगळी.

पानगळ

आमच्याकडे मार्च ते जून टॅंकर असतो, बाकी धरणाचं. तुमचा प्रतिसाद बायकोला दाखवला. ती म्हणाली, "बघ, हा माणूस काम कमी करतोय."

माडाखाली

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे ओला कचरा हा शब्दच नवीन. माशांचं धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मिरचीला, करवंट्या चुलीला, शेंडी भांड्यांना, झावळ्यांची झाप. पण खोटं कशाला बोलू, आमच्या वाडीमागच्या व्हाळात (ओढ्यात) आज कुरकुऱ्याची पाकिटं आणि शांपूच्या पुड्या अडकलेल्या आहेत. नारळाचं काय करायचं हे आजीला माहीत होतं, या चकचकीत पाकिटाचं काय करायचं हे कोणालाच माहीत नाही. भंगारवाला घेत नाही, जाळलं की घशात बसतं. पूर्वीचे लोक फार पर्यावरणवादी होते असं जे म्हणतात ना, त्यांच्या हातात न कुजणारी वस्तू कधी पडलीच नव्हती.

श्टुटगार्टी

@माडाखाली, +१, शेवटचं वाक्य पटलं.

इथे जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटली-कॅनवर २००३ पासून २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा. दर शनिवारी शेजारचे आजोबा टाय लावून, चाकाची पिशवी ओढत बाटल्या परत करायला जातात. त्यांना पर्यावरणाबद्दल विचारलं तर ते अनामतीबद्दलच बोलतात. सुरुवातीला मला फार कौतुक वाटायचं. मग आठवलं, आमच्या डोंबिवलीच्या चाळीत रद्दीवाला दारात येऊन तराजू धरायचा आणि वर पैसे द्यायचा. इथे कोणी दारात येत नाही.

आरेची बाटली

माझं नावच बघा! मुंबईत आरेचं सरकारी दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर रंगीत पट्ट्यांचं पातळ पत्र्याचं बूच. पहाटे कार्ड घेऊन केंद्रावर रांग, रिकामी धुतलेली बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. न धुता नेली तर बाई चारचौघांत झापायच्या. अनामत वगैरे सोडा, तो झापच पुरेसा होता.

अवांतर : बुचांच्या पत्र्याची आम्ही दिवाळीत किल्ल्यावर तळी करायचो.

चिंचगुळ

अपडेट : छत्री काढली. कुंडी उपडी केली तर तळाशी चक्क काळं, भुसभुशीत काहीतरी झालंय, जंगलातल्या मातीसारखा वास. वरचं मात्र कोरडं ठणठणीत. चार महिने कोणी बघितलं नाही आणि तरी झालं! आता पुन्हा सुरू करायचंय. विरजण म्हणून काय घालू? बाजारात पावडरीचे डबे आहेत, चांगलेच महाग.

पानगळ

पावडर कशाला? तुमचंच ते काळं खत मूठभर बाजूला ठेवा, तेच विरजण. नसेल तर आंबट ताकात कालवलेलं शेण किंवा नुसतं ताकाचं पाणी पाचोळ्यावर शिंपडा. माझ्याकडे तयार खत भरपूर आहे. कर्वेनगर-वारज्याकडे असाल तर रविवारी सकाळी या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. डबा घेऊन या, पिशवी मिळणार नाही.

हिशेबी

मीही येतो. रच्याकने (जाता जाता), पुणे मनपा गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संचय यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के सूट देते, दोन असतील तर १०. प्रकल्प चालू स्थितीत दाखवावा लागतो. आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा बिल्डरने बांधून दिलाय, त्यात सध्या क्रिकेटचे चेंडू आहेत.

सुईदोरा

@पानगळ, विरजण देताना आईंच्या हातचं काही असेल तर तेही. आणि पिशव्या कोण धुतंय ते रविवारी येणाऱ्यांनी बघून इथे लिहा.

चिंचगुळ

आले जाऊन. डबाभर विरजण आणि आईंच्या हातचा लिंबाचा मुरांबा आणला. हिशेबींनी काट्यावर दोघांना समान वाटून दिलं (विरजण. मुरांबा नाही, तो माझाच). पिशव्या आईच धुत होत्या, पण सुईदोराचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवल्यावर पानगळ उठले आणि दोन धुतल्या. एक उलटी चिकटवली.

कुंडी परत बाल्कनीत. नवऱ्याने वाकून वास घेतला, काही बोलला नाही, आत गेला. मग जुन्या बनियनचं फडकं आणून वर झाकलं.